स्वतःच्याच तासाला बसलेले दांडगे सर

गोकुळ दांडगे आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून गणिताच्या वह्या तपासतो. त्यामुळं पुढं जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. जे नाही, ते खुद्द दांडगे सरांनीच मला सांगितलेलं आहे, आणि स्वतःची फजिती सांगताना हा माणूस हातचं काही राखून ठेवत नाही.

आमची शाळा बजाजनगरात. मुलांचे आईबाप वाळूजच्या कंपन्यांत, कुणी कायम, बरेचसे ठेकेदाराकडं. आमच्या पोरांना घड्याळाच्या आधी शिफ्ट कळते. कुणाला विचारलं, वडील कधी भेटतील, तर तो वार सांगत नाही. "पप्पांची सेकंड चालू हाय" म्हणतो. त्यातनं काय ते आपण समजून घ्यायचं.

सर मूळचे सोयगावकडचे. घरची शेती थोरला भाऊ बघतो. धाकट्याला लहानपणापासून यंत्रांचं वेड. शाळेत असताना शेजाऱ्यांचा रेडिओ दुरुस्त करतो म्हणून घेऊन आला. तो रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही, पण त्याच्या आत काय काय असतं ते गोकुळला कळलं. शेजाऱ्यांना या ज्ञानाचं कौतुक वाटलं नाही, एवढंच.

कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलो होतो आणि दांडगे सरांचे दिवस आले. दोन खोल्यांच्या घरात पलंगावरची चादर भिंतीला टांगून त्यांनी व्हिडिओ काढायला सुरुवात केली. दीपमाला वहिनी मोबाईल धरायच्या. त्यांचा हात दुखायला लागला की चित्र हळूहळू खाली यायचं आणि गुरुत्वाकर्षण समजावणारे सर छातीपासून गुडघ्यापर्यंत दिसायचे. 'प्रकाशाचं परावर्तन' या पाठात कुकरच्या शिट्ट्या आहेत. तरी मुलांनी ते व्हिडिओ आवडीनं बघितले, कारण बाकी आम्ही कुणी काही पाठवतच नव्हतो. हेडसरांनी त्यांना 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून जाहीर केलं. सरांनी व्हॉट्सॲपवर नावापुढं ते लावून टाकलं, ते आजतागायत आहे.

शाळा पुन्हा भरली तेव्हा एका कंपनीनं आठवीच्या वर्गाला स्मार्ट बोर्ड दिला. मग सर सुटलेच. प्रत्येक पाठाचा व्हिडिओ. रंगीत बाण, फिरणारी हृदयं, मागं मंद बासरी. तास सुरू झाला की सर बोर्ड चालू करत आणि बाजूला उभे राहत. बोर्डावरचे सर बोलत, खरे सर मान हलवत. व्हिडिओतले सर मध्येच विचारत, "समजलं का मुलांनो?" मग थोडा वेळ शांतता, आणि लगेच, "शाब्बास!" वर्गातून कुणी काही बोललं असो वा नसो, शाब्बासकी ठरलेली.

वर्ग एकदम शांत असायचा. सर त्याला एकाग्रता म्हणायचे.

शेजारच्याच वर्गात सुलेखा खरात मॅडम मराठी शिकवायच्या. त्यांच्याकडं खडू, फळा आणि आवाज, एवढंच साहित्य. पण त्यांच्या वर्गात कायम कालवा. मुलं कविता तालावर म्हणताहेत, धड्यातल्या भांडणाचं खरंच भांडण होतंय, कुणीतरी बाकावर उभं राहून सरपंच झालंय. हेडसर एकदा त्यांना म्हणाले, "मॅडम, दांडग्यांकडून जरा शिका. टाचणी पडली तर आवाज येतो तिथं."

"येतो ना सर," मॅडम म्हणाल्या. "पर पोरं जागी हायत का झोपली, त्ये बी एकदा नाडी धरून बघा."

दांडगे सरांना हे कळलं. त्यांनी मॅडमचं बोलणं जुन्या पिढीच्या खात्यावर टाकलं आणि माफ केलं. मॅडम त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान आहेत ही गोष्ट वेगळी.

एके दिवशी सर 'पचनसंस्था' लावून ऑफिसात गेले. देणगीदार कंपनीला फोटो पाठवायचा होता आणि फोटोत तंत्रस्नेही शिक्षक हवा होता. वर्ग सोडून जायला त्यांना काहीच वाटलं नाही. ते बोर्डावर होतेच. फोटो काढून आम्ही दोघं परत येत होतो तर आठवीच्या वर्गातून हशा ऐकू आला. टाळ्या, बाकं वाजवणं, सगळंच. सर थबकले. त्यांच्या तासाला असा आवाज कधी झाला नव्हता.

आम्ही दाराआडून पाहिलं. बोर्डावर व्हिडिओ चालू होता, पण आवाज बंद केलेला. बोर्डाशेजारी अपेक्षा उभी होती. बारीक चणीची, दोन वेण्यांची मुलगी, हातात पट्टी. बोर्डावरच्या सरांचे ओठ हलत होते आणि बोलत होती ती.

"हां, गप बसा सगळे. ही आपली कंपनी. तोंड म्हंजे गेट. कच्चा माल इथनं आत येतो. दात कटिंग करतात, लाळ त्याला ऑइल लावती. ही अन्ननलिका, कन्व्हेअर बेल्ट. ह्ये जठर, इथं आम्ल सुटतं आणि मालाचा पार लगदा. पुढं लहान आतडं. नावालाच लहान, पर समदी असेंब्ली तिथंच. आता ह्या कोपऱ्यात कोण लपलंय? स्वादुपिंड! ह्ये ठेकेदाराचं माणूस. गेटवर ह्याचा फोटो नाय, बक्षीस वाटताना ह्याचं नाव नाय, पर ह्यानं एक दिस दांडी मारली तर अख्खी कंपनी बोंबलंल."

वर्ग हसून लोळत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून अतुल उठला. हा मुलगा दांडगे सरांच्या तासाला कधी तोंड उघडत नसे. "अपे, एक सांग. आम्लानं भाकरीचा लगदा होतो, मग जठराचा का नाय होत? त्ये बी मासाचंच हाय ना?"

सगळे अपेक्षाकडं बघायला लागले. अपेक्षानं पट्टी खाली केली, बोर्डाकडं बघितलं. सरांचे ओठ हलतच होते.

"सरांना इचारलं असतं," ती म्हणाली, "पर सर आत्ता बोलायलेत."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे कान लाल झाले होते. नक्कल झाली होती, तीही त्यांच्याच चित्रावर. पण त्याच वेळी त्यांच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसत होतं. इतक्या वर्षांत आठवीतल्या कुणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. रागवावं की उत्तर द्यावं यात माणूस असा अडकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी ते तडक आत गेले आणि एका दमात म्हणाले, "जठराला आतून श्लेष्माचं अस्तर असतं म्हणून ते वाचतं, आणि अपेक्षा, उद्या वडलांना घेऊन ये!"

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, राजकुमार, फर्स्ट शिफ्ट संपवून तसेच कंपनीच्या कपड्यांत आले. गळ्यात ओळखपत्र, हात साबणानं धुतलेले पण नखांत ग्रीस. हेडसरांच्या खोलीत दांडगे सरांनी तक्रार मांडली. राजकुमार खाली मान घालून ऐकत होते, अपेक्षा त्यांच्यामागं उभी होती.

"नक्कल केली ही चूकच झाली सर. माफी मागंल ती. पर एक इचारू का? पोटाचं ह्ये कंपनीवालं, त्ये खरं हाय का खोटं?"

"म्हणजे?"

"मागल्या साली माझं पित्ताशय काढलं. डाक्टर लई बोलले, मी मान हलवली. घरी आल्यावर बायकोनं इचारलं काय काढलं, मी म्हणलं, होतं कायतरी. परवा ही म्हणली, पप्पा, तुमचं स्टोअर काढलंय. पित्त यकृतात बनतं, स्टोअरात साठतं. आता स्टोअरच नाय, म्हून माल थेट लाईनीवर येतो. म्हून तळलेलं कमी खा." ते हसले. "म्या म्हणलं, बरं झालं बाई, माझं काय गेलं त्ये कळलं तरी."

हेडसरांनी खोकल्याचा आव आणला. दांडगे सरांनी अपेक्षाकडं बघितलं. "स्टोअर? माझ्या व्हिडिओत स्टोअर कुठं आहे?"

"नाय सर. तुम्ही 'साठवण' म्हणलंय."

"मग बरोबर आहे," सर म्हणाले, आणि आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

शिक्षा तर द्यायलाच हवी होती, हेडसर समोर बसले होते. सरांनी दिली: उद्या तासाला आवाज बंद करून हा अख्खा पाठ पुन्हा म्हणून दाखवायचा, तोही सरांसमोर. अपेक्षा रडायला लागली. तिला ती खरीच शिक्षा वाटली.

तिनं पाठ म्हणून दाखवला, भीत भीत, हसं न करता. सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते. दोन ठिकाणी ती चुकली. सरांनी सांगायच्या आधी वर्गानंच आरडाओरडा करून चूक दुरुस्त केली. तास संपवून सर स्टाफरूममध्ये आले. सुलेखा मॅडम डबा खात होत्या. त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"सर, तुमची चित्रं लई छान असतात. फक्त त्यात तुम्ही बोलता."

पुढचे काही दिवस सरांनी मॅडमशी अबोला धरला. मग एके दुपारी स्वतःहून त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "मॅडम, आवाज काढून टाकला तर मुलांना नावं कशी कळणार? यकृत, आतडं, सगळं ती कंपनीतच घालवून बसतील."

"मग आधी नावं पाठ करून घ्या ना. जुन्या पद्धतीनं. पुस्तक मोठ्यानं वाचायचं, फळ्यावर लिहायचं, तालावर म्हणायचं. स्वादुपिंड हे नावच ठाऊक नसंल तर ठेकेदाराचं माणूस म्हणणार कुणाला?"

असं ते सुरू झालं. आधी खडू-फळा आणि घोकंपट्टी, जी सरांना मागासलेली वाटायची. मग मुका व्हिडिओ. मुलं गटानं तो घरी न्यायची, आईबापांना दाखवायची, आपल्या बोलीत आवाज भरायची. मग वर्गात सगळ्यांनी ऐकायचं आणि चुका काढायच्या. चुका काढायला मुलं इतकी टपलेली असत की पुस्तकं आपोआप वाचली जाऊ लागली. एका गटानं सांगितलं, चंद्राला पृथ्वीची ओढ माहेरासारखी आहे, पण तो धावत्या गाडीत बसलाय, म्हणून उतरता येत नाही. यावर सर म्हणाले, उपमा बरोबर आहे. मॅडम म्हणाल्या, गाडी चालवतंय कोण ते आधी सांगा. हे भांडण मधल्या सुट्टीपर्यंत चाललं आणि मुलं दाराशी उभी राहून ऐकत होती. मॅडमनी एका गटाकडून आम्ल आणि अल्क यांची कव्वाली बसवून घेतली. दोन्ही पक्ष टाळ्या वाजवत एकमेकांवर चढून जातात आणि शेवटी मीठ आणि पाणी होऊन शांत होतात. ती ऐकायला बजाजनगरातले लोक कुंपणाशी उभे होते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग एक मोठे साहेब शाळा तपासायला आले.

साहेबांनी कव्वाली ऐकली, पोटाची कंपनी ऐकली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि जाताना म्हणाले, "हे जिल्हाभर झालं पाहिजे." आमच्या लक्षात यायला हवं होतं. एखादी गोष्ट जिल्हाभर करायची म्हणजे आधी तिची समिती होते.

समितीनं उपक्रमाला नाव दिलं, 'मूक चित्रफीत, बोलका विद्यार्थी'. सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि 'उत्कृष्ट ध्वनिचित्र निर्मिती'चं प्रमाणपत्र. ध्वनी काढून टाकल्याबद्दल ध्वनीचं बक्षीस, असं सुलेखा मॅडम म्हणाल्या, पण टाळ्या त्यांनीच जोरात वाजवल्या. पुढच्या बैठकीत कुणीतरी शंका काढली की मुलं बोलीत बोलतात, प्रमाण भाषेचं काय? म्हणून ठरलं, मुलांना एक नमुना संहिता छापून द्यायची. त्यापुढच्या बैठकीत दुसरी शंका निघाली, संहिता वाचताना मुलं अडखळतील, चुकीचं काही रेकॉर्ड होईल. म्हणून ठरलं, संहिता एका अनुभवी शिक्षकानं वाचून द्यायची, म्हणजे मुलांना त्रास नको.

अनुभवी शिक्षक म्हणून अर्थातच दांडगे सरांचं नाव निघालं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? साहेब समोर. हो म्हणालो." सर ओशाळवाणं हसले. "स्टुडिओ फार छान होता हो. कुकर नव्हता."

अशा रीतीनं मुक्या व्हिडिओंना पुन्हा सरांचाच आवाज लागला आणि ते जिल्ह्यातल्या शाळांत गेले. शिवाय सरांची नेमणूक मार्गदर्शक म्हणून झाली. वर्ग सोडून ते गावोगाव प्रशिक्षणं घ्यायला लागले. विषय एकच, 'मुलांना बोलू द्या'. त्यावर ते सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकटे बोलत. समितीनं स्लाइडी करून दिल्या होत्या; शेवटच्या स्लाइडवर 'प्रश्न?' असं लिहिलेलं होतं आणि तिच्यापर्यंत पोचेस्तोवर जेवण तयार झालेलं असे.

त्यांच्या गैरहजेरीत आठवीचं विज्ञान सुलेखा मॅडमकडं आलं. ज्या बाईंनी आयुष्यात रिमोट धरला नव्हता त्या आता मुलांचे आवाज मोबाईलवर कापत-जोडत बसायच्या. हेडसरांनी एकदा त्यांना 'तंत्रस्नेही' म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "शिव्या देऊ नका सर."

सोयगावच्या प्रशिक्षणाची गोष्ट मला सरांनीच सांगितली. आपला तालुका, ओळखीची माणसं, म्हणून ते जरा जास्तच रंगात होते. पुढच्या रांगेत गीता मॅडम नावाच्या निवृत्तीला आलेल्या शिक्षिका बसल्या होत्या. सर म्हणत होते, "मुलाला व्यक्त होण्याची संधी देणं हे शिक्षकाचं पहिलं कर्तव्य..." तेवढ्यात गीता मॅडमनी हात वर केला.

"बोला मॅडम."

"बोलू का? नक्की? न्हाय, सकाळधरनं तुम्हीच बोलायलात, म्हणलं आमची पाळी कवा?"

सभागृहात पिकला तसला हशा सरांनी याआधी एकदाच ऐकला होता, आठवीच्या दाराआडून. त्यांनी मागं वळून बघितलं. त्यांच्या पाठीमागं पडद्यावर त्यांचंच छायाचित्र होतं. मग त्यांनी माइक बंद केला, पडद्यावर एक मुका व्हिडिओ लावला आणि पुढच्या रांगेत जाऊन गीता मॅडमच्या शेजारी बसले.

"आता तुमची पाळी," ते म्हणाले.

त्यानंतर तिथं जे झालं त्याला शासकीय भाषेत प्रशिक्षण म्हणत नाहीत. ठिबक सिंचनावरून रक्ताभिसरण निघालं, त्यावरून दोन शिक्षकांची जुंपली. एका गुरुजींनी हृदयाच्या झडपांवर भारूडाच्या चालीत तिथल्या तिथं चार ओळी रचल्या, दुसऱ्यांनी त्यातली चूक काढली. जेवण गार झालं. समितीकडून निरीक्षणाला आलेले गृहस्थ मागं उभे राहून सगळं लिहून घेत होते. त्यांचा शेरा पुढं सरांपर्यंत पोचला: 'प्रशिक्षणार्थींवर नियंत्रण नाही. मार्गदर्शक स्वतः बोलत नाहीत.' मार्गदर्शकांच्या पुढच्या यादीत दांडग्यांचं नाव नव्हतं.

सर शाळेत परतले तेव्हा हेडसरांनी त्यांचं सांत्वन केलं. सरांना दुःख झालेलं दिसत नाही याचंच हेडसरांना जास्त दुःख झालं.

अपेक्षा आता दहावीत गेली होती. आठवीत नवी मुलं होती. पहिल्याच आठवड्यात सर श्वसनसंस्था शिकवत असताना, खडूनं, पहिल्या बाकावरच्या श्रेयाला मोठ्ठी जांभई आली. तिच्या शेजारणीला आली. मग रांगेनं वर्गभर गेली. जुने दांडगे सर असते तर बासरीचा आवाज वाढवला असता. श्रेया घाबरून उभी राहिली.

"सर, झोप नाय आली. पर एकाला जांभई आली की दुसऱ्याला का येती?"

सरांनी खडू ठेवला. "खरं सांगू? मला माहीत नाही. जाणकारांचंही अजून एकमत नाही म्हणतात."

वर्गाला हे पटायला वेळ लागला. सरांना माहीत नाही, असं सरांच्याच तोंडून. मग त्यांनी मुलांना काम दिलं: जिथं जाल तिथं बघा, कुणाची जांभई कुणाला लागते. ओळखीच्या माणसाची लवकर लागते की परक्याची? म्हाताऱ्यांना लागते का? कुत्र्याला लागते का? मुलांनी आईबापांना कामाला लावलं. पहाटेच्या कंपनीच्या बसमधली जांभई पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंत कशी जाते, हे आता नगरातले निम्मे कामगार टक लावून बघतात. त्यात एकाचा उतरायचा थांबाही चुकला.

परवा शाळेत कार्यक्रम होता. एक पाहुणे आले होते. त्यांचा विषय, 'डिजिटल युगातील सर्जनशील विद्यार्थी'. पाहुणे बोलत होते आणि अख्खी आठवी मान वर करून, डोळे ताणून, एकेकाचा चेहरा निरखत बसली होती. कुणी हलत नव्हतं, कुणी खुसपुसत नव्हतं. हेडसर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "काय शिस्त आहे बघा. इतकं लक्ष देऊन मुलांनी आजवर कुणाचं भाषण ऐकलेलं नाही."

मी हो म्हटलं. पलीकडं सुलेखा मॅडम ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी दांडगे सरांनी जांभई दाबायचा बराच प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, शेवटी तोंड उघडलंच. श्रेयानं हातातल्या कागदावर एक रेघ ओढली आणि मान वळवून माझ्याकडं बघायला लागली.